बेटावर लग्न करायचंय? मग अंदमानचं गणित आधी समजून घ्या

हल्ली घरात लग्न ठरलं की दोन दिवसांत कोणीतरी रील पाठवतंच. निळं पाणी, पांढरी वाळू, मध्ये फुलांचा मांडव आणि खाली मेसेज, "आपण असं करूया का?" करा की, काहीच हरकत नाही. फक्त हॉलवरचं लग्न ठरवतो तसं बेटावरचं ठरवायला गेलात तर पंचाईत होईल, कारण हॉलवर तुम्ही म्हणाल ती वेळ आणि तिथे बोट म्हणेल ती वेळ. बोट, भरती आणि सूर्यास्त यांच्या वेळा हातात आल्याशिवाय व्हेन्यूला टोकन देऊ नका, एवढं एक ऐकलंत तरी अर्धी कामं सोपी होतात.

मी इथे अंदमान धरून लिहितोय, त्यातही मुख्यतः हॅवलॉक, कारण पासपोर्ट-व्हिसाशिवाय खरंखुरं बेट हवं असेल तर आपल्याकडे पहिलं नाव तेच निघतं. लक्षद्वीपही आहे, पण तिथे प्रत्येक पाहुण्याचं एंट्री परमिट लागतं आणि राहायच्या खोल्या मोजक्याच, ऐंशी जणांची परमिटं काढत बसायची हौस असेल तर बघा बापडे.

सुरुवातीलाच नावांचा घोळ मिटवून टाका. हॅवलॉक म्हणजेच स्वराज द्वीप, नील म्हणजे शहीद द्वीप, ही नावं 2018 च्या अखेरीस बदलली, आणि पोर्ट ब्लेअरचं 2024 मध्ये श्री विजयपुरम झालं. तिकिटावर एक नाव, हॉटेलच्या मेलमध्ये दुसरं, असं होतं. फॅमिली ग्रुपवर हे पिन करून ठेवा, नाहीतर एक ना एक काका विमानतळावरून फोन करून विचारणारच की आपण नक्की कुठे चाललोय.

आधी माणसं मोजा, मग बेट

आपल्याकडे उलटं होतं, जागा आधी पसंत पडते आणि मग "यांना बोलवायचं का त्यांना" सुरू होतं. कागद घ्या आणि दोन्ही घरची यादी करा, त्यात सत्तरीच्या पुढचे किती, गुडघे दुखणारे किती, दोन वर्षांच्या आतली बाळं किती, हे वेगळं लिहा. मुंबई-पुण्याहून जाताना बहुतेक वेळा चेन्नई, कोलकाता किंवा बंगळुरूला विमान बदलावं लागतं, मग पोर्ट ब्लेअर, मग तिथून बोट, मग जेट्टीवरून गाडी. पंचवीस-तिशीतल्यांना ही मजा आहे, आजीला ती शिक्षा होऊ शकते. आजी येणारच नसेल तर तुम्हाला ते चालणार आहे का, हा प्रश्न बजेटच्या आधी विचारा.

यादी झाली की साधारण असं बघायचं. शंभराच्या वर माणसं असतील तर सरळ पोर्ट ब्लेअरलाच समुद्र दिसणारं हॉटेल घ्या. तिथे मोठे हॉल-लॉन आहेत, सरकारी मोठं हॉस्पिटल आहे, बाजार आहे, आणि मुख्य म्हणजे लग्नाचं वऱ्हाड बोटीवर चढवायचं नाही. ज्यांना हौस आहे ते दुसऱ्या दिवशी बेट बघून येतील, सेल्युलर जेल तर तिथेच आहे आणि मराठी माणूस अंदमानला जाऊन सावरकरांची कोठडी न बघता परत येत नाही, ते वेगळं सांगायला नको. चाळीस ते ऐंशी माणसं असतील तर हॅवलॉक. आणि अगदी घरचीच तीस-चाळीस डोकी, डीजे-बिजे काही नको, सायकलवर फिरता येईल एवढंसं बेट हवं, तर नील. तिथे लक्ष्मणपूरच्या किनाऱ्यावरचा सूर्यास्त सुंदरच आहे पण हॉटेलं कमी, एका हॉटेलात सगळे मावले नाहीत तर तीन हॉटेलांत वऱ्हाड वाटावं लागतं, आणि मग कोण कुठे उतरलंय हे सांभाळायला एक वेगळा माणूस लागतो.

तारीख: पंचांग आणि हवामान शेजारी ठेवून बघा

चातुर्मासाचं सोपं आहे, तेव्हा मुहूर्तही जवळजवळ नसतात आणि तिकडे पाऊसही असतो. खरी अडचण बाकीच्या महिन्यांची.

मे महिन्यात आपल्याकडे मुहूर्त भरपूर, पोरांना सुट्टी, त्यामुळे सगळ्यांचा डोळा मे वर. पण "मान्सून अंदमानात दाखल" ही बातमी आपण दरवर्षी मे च्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आनंदाने वाचतो ना, तेव्हा तिथे मांडव घालून बसलेल्या माणसाचा विचार करा. एप्रिल चालतो, समुद्र शांत असतो पण दमट उकाडा जबरी, शेरवानीत माणूस भिजून जातो.

तुळशीच्या लग्नानंतरचे मुहूर्त, म्हणजे नोव्हेंबरचा शेवट ते डिसेंबरचा मध्य, ऐकायला छान वाटतात, पण बंगालच्या उपसागरात चक्रीवादळं होतात ती नेमकी याच दिवसांत. डिसेंबर 2016 मध्ये हॅवलॉक आणि नीलवर हजाराहून जास्त पर्यटक अडकले होते, बोटी बंद, विमानाची सोय तर नाहीच, शेवटी नौदलाने जहाजं पाठवून लोकांना काढलं. दरवर्षी असं होतं असं नाही, पण या काळात करायचंच असेल तर मागेपुढे मोकळे दिवस ठेवा.

मग येतो ख्रिसमस-न्यू इयर. या दिवसांत खोल्यांचे दर सगळ्यात चढे, आणि गंमत अशी की 16 डिसेंबर ते 14 जानेवारीच्या आसपास धनुर्मास, त्यामुळे पंचांगात मुख्य मुहूर्त सहसा नसतातच. म्हणजे मुहूर्त पाळणाऱ्या घरांचा इथे आपोआप खर्च वाचतो. काढीव मुहूर्त मिळतो, गुरुजी देतात, पण त्यासाठी सीझनचे पैसे मोजायचे का ते तुमचं तुम्ही ठरवा. वाढदिवस, पन्नाशी, लग्नाचा रौप्यमहोत्सव असं काही असेल तर मुहूर्ताचा प्रश्न नाही, पण तरीही हे पंधरा दिवस टाळाच.

माझ्या मते जानेवारीचा शेवटचा आठवडा ते मार्च हा बेस्ट काळ. पाणी स्वच्छ, वारा बेताचा, दर जरा उतरलेले. एकच भानगड, दहावी-बारावीच्या परीक्षा, आणि प्रत्येक खानदानात त्या वर्षी एक तरी बारावीवाला असतोच, त्याची आई येणार नाही, आणि आई नाही म्हणजे त्या घरातलं कोणीच नाही.

मुहूर्ताची वेळ तिथली काढून घ्या

हे कोणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो. घड्याळ भारताचंच असलं तरी अंदमान खूप पूर्वेला आहे, त्यामुळे तिथे सूर्य आपल्यापेक्षा तासाभराहून जास्त आधी मावळतो. डिसेंबरात हॅवलॉकला पाच वाजायच्या आतच सूर्यास्त, फेब्रुवारीत साधारण पाच वीस-पंचवीसला. मुंबईत तेव्हा अनुक्रमे सहा आणि साडेसहाच्या सुमाराला असतो. म्हणजे पुण्याच्या गुरुजींनी सवयीने "गोरज मुहूर्त, सहा चाळीस" लिहून दिला तर तिथे तेव्हा मिट्ट काळोख असणार, गोरज कधीच उलटून गेलेली असणार, आणि तुमचा फोटोग्राफर डोक्याला हात लावून बसणार.

आणि हा फक्त फोटोचा विषय नाही. मुहूर्ताचं लग्न (म्हणजे विवाह नव्हे, त्या क्षणी पूर्वेला उगवत असलेली रास) हे स्थळावर अवलंबून असतं, पूर्वेला गेलात की तेच लग्न घड्याळात आधी येतं. तेव्हा गुरुजींना स्पष्ट सांगा की स्वराज द्वीप, अंदमान इथली वेळ काढून द्या. ज्यांना गणित येतं ते लगेच काढून देतात, ज्यांना येत नाही ते "काही फरक पडत नाही हो" म्हणतात, त्यावरून गुरुजी कोणते न्यायचे तेही कळतं.

एकदा वेळ मिळाली की दिवस मागे मोजत या. समजा फेब्रुवारीत मुहूर्त पावणेपाचचा. मग मंगलाष्टका साडेचारला, वऱ्हाड जागेवर सव्वाचारला, नवरीचा मेकअप सुरू साडेबारा-एकला, दुपारचं जेवण लवकर. संध्याकाळी सहाला पूर्ण अंधार, त्यामुळे कपल फोटो विधींच्या आधी किंवा सरळ दुसऱ्या दिवशी पहाटे, सव्वासहापर्यंत चांगलं ऊन आलेलं असतं. सकाळचा मुहूर्त असेल तर सगळंच सोपं, फक्त साडेदहानंतर वाळूवर अनवाणी उभं राहवत नाही, सप्तपदी घालताना पाय भाजतात.

बोटीचं गणित

पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉकला प्रायव्हेट बोटीने दीड-दोन तास, सरकारी बोटीने त्याहून जास्त. अंधार पडल्यावर प्रवासी बोटी नाहीत, शेवटची बोट दुपारीच सुटते. आपली विमानं दुपारच्या आसपास उतरतात, सामान येईपर्यंत अजून वेळ, म्हणून ज्या दिवशी विमान त्याच दिवशी बोट असा हिशेब वऱ्हाडासाठी करू नका. पहिली रात्र पोर्ट ब्लेअरला, दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने हॅवलॉक. परतताना तर हे आणखी महत्त्वाचं, विमानाच्या आदल्या दिवशी पोर्ट ब्लेअरला मुक्काम हवाच. समुद्र खवळला की बोट रद्द होते आणि तुमचं विमान तुमच्यासाठी थांबत नाही.

तिकिटं एकेकाने आपापली काढायची असं ठेवू नका, सत्तर माणसं पाच बोटींत विखुरतात. बोट कंपनीशी बोलून ग्रुप बुकिंग करा, सगळ्यांची आयडीवरची नावं जशीच्या तशी द्या ("बंडूमामा" चालत नाही, आधारवर असेल ते), आणि जेट्टीवर तासभर आधी पोचा, चेक-इन, बॅग स्कॅन सगळं विमानासारखंच असतं. सामानाला किलोची मर्यादा असते ती आधी विचारून घ्या, शालू-पैठण्यांच्या बॅगा वजनाला भारी. बहुतेक प्रायव्हेट बोटी बंद एसी कॅटामरान (दोन जोड सांगाड्यांच्या वेगवान बोटी) आहेत, वाऱ्याला उभं राहता येत नाही, ज्यांना बस लागते त्यांना बोट नक्की लागणार, निघायच्या आधी गोळी द्या आणि मागच्या बाजूच्या, खालच्या डेकच्या सीट घ्या. फेटेवाला, मेकअपवाली, गुरुजी आणि फोटोग्राफर या चौघांना पाहुण्यांच्या एक बोट आधी पाठवा, पाहुणे उशिरा आले तर लग्न होतं, हे चौघं अडकले तर होत नाही.

जागा बघायला जाल तेव्हा

फोटोवरून व्हेन्यू ठरवू नका, घरातले दोघं तरी आधी जाऊन या, आणि जाल ते शक्यतो लग्नाच्या तिथीच्या आसपासच्या तिथीला, पौर्णिमेला लग्न तर कुठल्याही पौर्णिमेला. कारण भरती-ओहोटी. हॅवलॉकची दोन तोंडं आहेत. राधानगर पश्चिमेला, रुंद वाळू, सूर्यास्त समुद्रात, जगभर गाजलेला बीच, 2020 मध्ये ब्लू फ्लॅग (स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांना मिळणारं आंतरराष्ट्रीय मानांकन) मिळालेला. विजयनगर, गोविंदनगर, काळापत्थर हा पूर्वेचा किनारा, इथे सूर्योदय, पाण्याचा रंग कमाल, आणि जास्तीत जास्त रिसॉर्ट याच बाजूला. पण पूर्वेला ओहोटीला पाणी खूप लांब जातं आणि मागे राहतो तो दगड, मेलेली प्रवाळं, चिखल. रीलमधलं निळं पाणी भरतीचं असतं. उलट पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणाला पाणी झाडांच्या मुळांपर्यंत येतं आणि मांडवाला वाळूच शिल्लक राहत नाही. कोकणातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, बाकीच्यांनी वाळूवर कोरड्या काटक्या आणि शेवाळाची जी ओळ दिसते ती बघावी, पाणी तिथवर येऊन गेलंय, खुर्च्या तिच्या अलीकडेच लावायच्या. लग्नाच्या दिवसाचा भरतीचा तक्ता आधीच मिळतो, तो काढून मुहूर्ताच्या वेळेशी लावून बघा. एका लग्नात मी बघितलंय, मंगलाष्टका चालू आणि पहिल्या रांगेतले व्याही एकेक करून चपला हातात घेऊन मागे सरकतायत, "शुभमंगल सावधान" म्हणेपर्यंत पहिली रांग रिकामी.

दुसरं म्हणजे बीच सार्वजनिक असतो. राधानगरच्या वाळूवर कोणीही उठून मांडव घालू शकत नाही, परवानगी लागते आणि सहजी मिळत नाही, दारू तर अजिबात नाही. रिसॉर्टवाला "बीच वेडिंग" म्हणतो तेव्हा ते त्याच्या हद्दीतलं लॉन असतं की खरंच वाळू, आणि वाळू असेल तर परवानगी कोण आणणार, हे मेलवर लिहून घ्या. फोनवर "हो जायेगा सर" याला काही अर्थ नाही. राधानगरच्या बाजूला ताज, बेअरफूट अशी मोजकीच राहायची ठिकाणं आहेत आणि ती महाग, त्यामुळे बरेच लोक राहणं पूर्वेला आणि फोटो राधानगरला असं करतात. अंतर दहा-बारा किलोमीटर, गाड्या आधी सांगून ठेवायच्या.

व्हेन्यूवर हेही विचारा: जनरेटर किती लोडचा आहे (बेटावर लाइट जाते, डीजे आणि फोकस एकदम लावले की जास्तच), पावसाची सर आली तर आत किती माणसं बसतील, होमासाठी वाऱ्याचा आडोसा कुठे. वाळूवर होम पेटत नाही हो, समुद्राचा वारा धूर सगळा नवरा-नवरीच्या तोंडावर आणतो. माळा-अंतरपाट वाळूवर, आणि लाजाहोम-सप्तपदी आतल्या बाजूला झाडांमध्ये, हे सगळ्यात बरं. आणि संध्याकाळी वाळूतल्या बारीक माशा पायांना फोडून काढतात, सगळ्यांना आधीच खोबरेल तेल लावायला सांगा, नऊवारीतल्या बायकांना तर नक्कीच.

फुलं, जेवण, सामान

झेंडू, गुलाब, मोगरा बऱ्यापैकी बाहेरून येतो, म्हणून महाग आणि कोमेजलेला. पण नारळ, सुपारी, केळीचे खुंट, झावळ्या तिथे हव्या तेवढ्या. तेच वापरून मांडव करा, दिसतोही देखणा आणि आपल्या लग्नाला शोभतोही, उगाच थायलंडहून ऑर्किड कशाला.

जेवणाचं म्हणाल तर हॅवलॉकची वस्ती बरीचशी बंगाली, पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांची तिथे वसाहत झाली. माशाचं जेवण उत्तम मिळेल. मसालेभात आणि अळूची भाजी मात्र शेफला यूट्यूब बघून करायला लावू नका, घरचा एक आचारी नेता येतो का विचारा, नाहीतर गोडा मसाला आणि आमसुलं घेऊन जाऊन आदल्या दिवशी चव बघून घ्या. दूध-दही ताजं आणि मुबलक मिळेल असं धरू नका, म्हणून मठ्ठ्याऐवजी सोलकढी आणि श्रीखंडाऐवजी नारळीभात, नारळाला तर तोटा नाही.

पूजेच्या सामानात एक खाच आहे. सुकं खोबरं, कापूर, काडेपेटी विमानात नेऊ देत नाहीत, ओटीच्या खोबऱ्याच्या वाट्या विमानतळावर काढून ठेवाव्या लागतात आणि मग सगळ्यांची तोंडं उतरतात. हे सगळं पोर्ट ब्लेअरला विकत घ्या. अंतरपाट, मुंडावळ्या, मंगळसूत्र हातातल्या बॅगेत. रुखवत घरीच मांडा, बोटीवरून चिरोट्यांचं ताट नेणं कोणाच्याच हिताचं नाही. एकदा वापरून फेकायचं प्लास्टिक तिथे बंद आहे, तेव्हा प्लास्टिकचे ग्लास, थर्माकोलची सजावट यादीतून काढा. ड्रोनला परवानगी लागते, लष्कराच्या दृष्टीने नाजूक भाग आहे, फोटोग्राफर "बघू तिथे" म्हणाला तर ऐकू नका. उघड्यावर स्पीकर रात्री दहाला बंद. नेट पूर्वीपेक्षा बरंच सुधारलंय, 2020 मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आली, तरी घरी राहिलेल्या आजीला लाइव्ह दाखवायचं तर रिसॉर्टची लाइन आदल्या दिवशी तपासा.

कागदपत्रं

लग्न तिकडे लावलं तरी नोंदणी घरी करा. महाराष्ट्रात 1998 च्या कायद्याप्रमाणे 90 दिवसांच्या आत नोंदणी करायची असते, उशीर झाला तर दंड भरून होते. तीन साक्षीदार आणि गुरुजींची सही लागते, म्हणून सही करणारे गुरुजी तिथलेच घेतले असतील तर अर्ज सोबत न्या आणि तिथेच सही घ्या, नंतर एका सहीसाठी अंदमान गाठावं लागेल. लग्नपत्रिकाही मागतात, हल्ली सगळ्यांची पत्रिका व्हॉट्सअपवर असते, तरी दहा-वीस छापून घ्या आणि त्यावर स्थळ नीट पूर्ण लिहा. कोर्ट मॅरेज करायचं असेल तर ते आधी इथेच, त्याला 30 दिवसांची नोटीस असते आणि दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात 30 दिवस राहिलेला असावा लागतो. अमेरिकेतली आत्या किंवा परदेशी पासपोर्टवाला जावई येणार असेल तर त्यांचे नियम वेगळे, तिकीट काढायच्या आधी चौकशी करा.

बुकिंगचा क्रम असा ठेवा: पाहुण्यांची यादी, गुरुजींकडून तिथल्या वेळेचे तीन-चार मुहूर्त, त्या दिवसांचा भरतीचा तक्ता, मग जागा बघून व्हेन्यू, मग विमान, आणि बोटीची तिकिटं सुटली की लगेच बोट. व्हेन्यूला पैसे देताना वादळामुळे बोटी बंद राहिल्या तर तारीख बदलून मिळणार का पैसे परत, हे लिहून घ्या. आणि परत निघताना पोरांचे खिसे तपासा, किनाऱ्यावरचे शंख-प्रवाळ आणायला बंदी आहे आणि विमानतळावर बॅग उघडायला लावतात.